बेदाण्यांची ओळ

कुत्रं पाळायचं तर शहाण्यासारखं पाळायचं, हा आमच्या घरातला नियम मीच केला होता. नवऱ्याची नोकरी शिरवळच्या कारखान्यात, तो रविवारपुरता घरी येणार. मी सकाळच्या एसटीनं सांगलीला शाळेत शिकवायला जाणार. सासूबाई गेल्यावर तासगावच्या मळ्यातल्या घरात दिवसभर सासरे एकटे. त्यांना मी मामा म्हणते. ते भिंतीशी बोलायला लागले, तेव्हा मी म्हटलं, कुत्रं आणूया.

नवऱ्याला केसाळ परदेशी जातीचं हवं होतं, फोटोत छान दिसतं म्हणून. मी त्याला असा झापला की त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडशेजारी, त्या जिवाचं काय झालं असतं? साताऱ्याला माझ्या माहेरच्या गल्लीत एक कुत्री व्यायली होती. तिचं एक तांबडं पिल्लू ठरवलं आणि दूध सुटेपर्यंत आईपासून हलवलं नाही. जंताचं औषध, लस, झोपायचा कोपरा, पाण्याचं भांडं, सगळं आधी तयार. मी शिक्षिका आहे, तयारीशिवाय वर्गावर जात नाही. याचा मला बराच गर्व होता.

पिल्लू आणलं त्या संध्याकाळी जेवताना मी मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं, कुत्र्याला काय काय द्यायचं नाही. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही. शिजवलेली हाडं नाहीत. मामा घासागणिक मान डोलवत होते. पुढची ओळ होती द्राक्षं आणि बेदाण्यांची. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं.

ती ओळ मी गाळली.

मामांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात कायम बेदाणे असायचे, स्वतःच्या बागेचे, स्वतःच्या शेडवर वाळवलेले. पोस्टमन आला, द्या मूठभर. गॅसवाला आला, द्या मूठभर. मी सकाळी निघाले की माझ्याही हातावर ठेवायचे. "वाटंत खा, पोरी." माझ्या माहेरची एक पाहुणी एकदा सहज म्हणाली, याला गंधकाची धुरी देतात ना, मग धुऊन खायला लागत असतील. मामा हसले, पण अर्ध्या ताटावरून उठले. त्या माणसासमोर बेदाणा विष आहे असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नंतर बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं. शिवाय शेडवरची भटकी कुत्री सांडलेले बेदाणे वर्षानुवर्षं खातातच की, अशी पळवाटही सापडली. तोंड उघडायचं नसलं की पळवाटा पटापट सापडतात.

मामा आणि पिल्लू यांचं गूळपीठ जमलं. मी शाळेतून आले की मामा दिवसभराचा अहवाल द्यायचे. कुणाची चप्पल नेली, मांजराला कसं घाबरलं, सगळं. भिंतीशी बोलणं बंद झालं. एका संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम शेडवर बोलावलं. शेवटचा माल जाळीवर वाळत होता. मामा "बस" म्हणाले आणि पिल्लू टुण्णकन बसलं. मामांनी खिशातून दोन बेदाणे काढून त्याच्या तोंडात घातले.

"बग, तुज्या शाळंतली पोरं तरी आशी ऐकत्यात का?"

मी हसले. ती ओळ आठवली, तरी हसले. किती दिवस देताय, एवढं विचारायलासुद्धा तोंड उघडलं नाही. पिल्लू ठणठणीत दिसत होतं, त्यामुळे पुढच्या दिवसांत मला धीर आला. दर संध्याकाळी मी त्याला निरखायची, आणि ते उड्या मारतंय म्हणजे आपण गप्प बसलो ते बरोबरच, असं स्वतःला समजवायची.

मग एका सकाळी त्यानं उलटी केली. दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावेना. रविवार होता, नवऱ्यानं गाडी काढली आणि आम्ही सांगलीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मामांनी वाटभर त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्याआधी मामाच बोलले. "सायेब, बागंत फवारणी चाललीया. औषदाचा ड्रम म्या उगडा ठिवला हुता. त्यातलं पाणी प्यालं आसंल. माजीच चूक हाय."

नवरा बाहेर गाडीपाशीच होता. मी मामांना गाडीतली पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि ते बाहेर पडताच डॉक्टरांना सांगितलं, बेदाणे, रोज. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खाल्ल्या खाल्ल्या आणलं असतं तर उलटी करवता आली असती, म्हणाले. सलाईन लावलं. पण लघवी सुटली नाही ती नाहीच. मूत्रपिंडं गेली होती, आणि त्यांच्यामागून पिल्लू गेलं.

मामांनी त्याला बांधावरच्या लिंबाखाली स्वतः पुरलं. हातपाय न धुताच पडवीत येऊन बसले. "म्या मारलं गं त्येला."

"असं म्हणू नका, मामा," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्यानंतर मामांनी जे सुरू केलं ते मला रोज बघावं लागलं. फवारणी असो नसो, संध्याकाळी ते निळा ड्रम घासायला बसायचे. आतून, बाहेरून, नारळाच्या शेंडीनं. मग तो पालथा घालायचे आणि वर दगड ठेवायचे. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला नाद लागलाय. मी ओट्यावरून हाक मारायची, "मामा, चहा थंड होतोय." सांगावं असं रोज वाटायचं. पण सांगायचं म्हणजे काय, तर झाकण उघडं राहिलं म्हणून नाही, तुम्ही लाडानं भरवलंत म्हणून गेलं. त्यापेक्षा ड्रमच बरा, असं मी धरून चालले. खरं तर मला मामांची नव्हे, माझी काळजी होती. ती ओळ मी वाचली होती, हे कुणाला कळायला नको होतं.

दिवाळीनंतर माण तालुक्याकडचे मेंढपाळ आमच्या पडीक रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आले. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. एका संध्याकाळी मी घरी आले तर पडवीत मामा, आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या पंजांचं काळं मादी पिल्लू. मी शिकवलेलं काहीएक ते विसरले नव्हते. दूध सुटल्याचं विचारून घेतलं होतं, जंताचं औषध आणलं होतं, लसीला कधी न्यायचं ते ठरवलं होतं.

"आता म्या समदं शिकलोय," ते म्हणाले. "ड्रम कुलपात हाय. किल्ली ह्या करदोट्याला. आता हिला काय व्हायचं न्हाई."

किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. ते वाकले, "बस" म्हणाले आणि खिशात हात घातला.

"हिच्यासाटनं बारकं बारकं येचून ठिवल्यात. नरड्यात अडकाय नगत."

मी त्यांचं मनगट धरलं. सून सासऱ्याचा हात धरत नाही आमच्याकडे. मामा दचकले.

"मामा, बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं जातात. पहिलं पिल्लू त्यानंच गेलं. ड्रमनं नाही."

त्यांनी हळूच मूठ मिटली. "तुला कुनी सांगितलं?"

"पिल्लू आणलं त्या दिवशी मी वाचून दाखवलं ना, त्यातच होतं. तेवढं मी वाचलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

पिल्लू मुठीकडे बघत बसलं होतं. मला वाटलं, आता मामा पिल्लाबद्दल काहीतरी विचारतील. रडतील. मला शिव्या देतील, त्या मी खाल्ल्या असत्या.

"इतकं म्हैनं म्या ड्रम घासतुया," ते म्हणाले. "आन तू मला च्याला हाका मारत हुतीस."

मी त्यांचं मनगट सोडलं.

पिल्लू आता चांगलं मोठं झालंय. ठणठणीत आहे, मांजराला अजिबात घाबरत नाही. बेदाणे झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर असतात. पिल्लू बसलं की मामांचा हात सवयीनं खिशाकडे जातो आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर येतो. मामा माझ्याशी नीट बोलतात. भाजी काय करू म्हटलं तर सांगतात, शाळेचं विचारतात. पोस्टमन आला की फळीवरचा डबा काढून त्याला अजून मूठभर देतात.

सकाळी निघताना मी पडवीत जरा रेंगाळते, पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेते. मामा पिल्लाचं पाणी बदलत असतात. "जा, यष्टी चुकंल," म्हणतात. मग मी रिकाम्या हातानं रस्त्याला लागते.