डाव्या दाराची पायरी

आई गेली त्या दिवशी भावाने पिकअपचे डावे दार उघडले. पायरी बाहेर आली. त्याने दार लावले. पायरी आत गेली. मग तो उजवीकडून चढला आणि मावशीला आणायला भिवपुरी स्टेशनवर गेला.

त्या दिवसाचे मला एवढेच नीट सांगता येते. बाकीचे सगळे पाण्याखालून पाहावे तसे आहे. माणसे येत होती, ओठ हलत होते, कुणी माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. पायरीच्या मोटरची ती बारीक घरघर मात्र स्पष्ट ऐकू आली.

कशेळ्याच्या अलीकडे भावाची नर्सरी आहे. फार्महाउसवाल्यांकडे आंब्याची, चिकूची, सोनचाफ्याची रोपे पोचवायची हे त्याचे काम. डोंगराकडच्या वाटांवर साध्या गाडीचे पोट घासते, म्हणून त्याने उंच चाकांची पिकअप घेतली, जुनीच. तिच्या केबिनचा तळ माझ्या मांडीपर्यंत येतो. आई माझ्याहून बुटकी होती, आणि तिचे गुडघे दोन्ही गेलेले.

पण गाडीतून हिंडणे तिला फार आवडे. मग भाऊ तिच्या काखेत हात घालायचा आणि तिला उचलून सीटवर ठेवायचा. कशेळ्याच्या बाजारात शेअर जीपची वाट बघणारी माणसे हे बघत उभी राहायची. एकदा त्यांतली एक बाई हसत म्हणाली, "म्हातारीची गोण भरली का रं?"

आईही हसली. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "मी आता नाय यायची. तुमी जा."

आणि ती खरेच जाईना. कशेळ्याला नाही, पळसदरीला नाही, पौर्णिमेला विहारातही नाही. सकाळी पिकअप निघाली की ओट्यावर बसून धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राही. धूळ बसली की आत येई आणि तांदूळ निवडायला घेई, निवडलेलेच पुन्हा.

आपोआप खाली येणारी पायरी भावाने एका फार्महाउसवाल्याच्या गाडीला पाहिली. "ताई, दार उघडलं की खाली येते, लावलं की आत जाते," तो मला सांगत होता, तेव्हा मला ते श्रीमंतांचे खेळणे वाटले. त्याने काही ऐकून घेतले नाही. खालापूरच्या बाजूला हायवेलगत अशा पायऱ्या बसवणारा एक फिटर त्याने शोधला. पायरीच्या मापासाठी आईला तिथवर न्यायचे तर पुन्हा उचलावे लागणार होते.

"शेवटचं उचलतोय, आये," तो म्हणाला.

"शेवटचं चौघं उचलतात रं. तू एकटाच हायस."

फिटर गाडीखाली पुठ्ठा पसरून त्यावर उताणा पडून काम करत होता. गाडीच्या सांगाड्याला ब्रॅकेट कसायचे, त्यावर मोटर आणि पायरी, आणि मग दाराच्या कडेने आत वायर न्यायची. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्याचे बाहेर राहिलेले पाय बघत होती. दुपार कलली. हायवेवरून गाड्यांचा आवाज लाटेसारखा येत होता, जात होता, आणि मला डुलकी लागत होती.

"आजी, बघा आता," फिटर म्हणाला. आई उठून जवळ आली आणि त्याने डावे दार उघडले.

घरघर झाली. गाडीच्या पोटातून पायरी पुढे सरकली, खाली झुकली आणि आईच्या पावलांसमोर येऊन थांबली. तिच्यावर दाराखालच्या छोट्या दिव्याचा चांदण्यासारखा तुकडा पडला. आई एक पाऊल मागे सरली.

"काय म्हणते रं ती?"

"म्हणते, या, बसा," फिटर म्हणाला.

आईने वाकून पायांतल्या चपला काढल्या.

"आजी, वर रबर हाय. चप्पल चालते."

"माझ्यापुढं जन्मात कुणी वाकलं नाय," आई म्हणाली. "ही वाकली. आन मी तिच्यावर चपलीचा पाय देऊ?"

तिने दाराचा दांडा धरला. एक पाऊल पायरीवर, दुसरे आत. कुणी हात लावला नाही. सीटवर बसून तिने पदर सारखा केला, दार ओढून घेतले आणि काचेतून आम्हां दोघांकडे खाली बघितले.

"बसा की आता. का उचलू?"

पळसदरीपर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आले की ती अनवाणी आहे. चपला फिटरच्या दाराशी राहिल्या होत्या.

पुढे हे नेहमीचेच झाले. चढताना चपला जमिनीवर काढायच्या, आणि वर गेल्यावर पायाखालचे जगच विसरायचे. कशेळ्याला भाजीवालीच्या टोपल्यांशी एक जोडी राहिली. विहारापुढच्या चपलांच्या गर्दीत एक राहिली, ती कुणाच्या ध्यानातही आली नसेल. पळसदरीच्या चहावाल्याने एक जोडी पावसाने भिजू नये म्हणून दुकानाच्या माळ्यावर टाकली. "आजींची ठेव आहे आमच्याकडे," तो दरवेळी सांगायचा. आम्ही दरवेळी न्यायचे विसरायचो.

"आये, चपला हातात घेऊन चढत जा की," भाऊ वैतागायचा.

"हातात? मी काय चपलाचोर हाय?"

फिटरने निघताना सांगितले होते की सांध्यात चिखल बसला की मोटर दमते, पाणी मारत जा. 'दमते' हा शब्द आईने मनावर घेतला. संध्याकाळी पिकअप अंगणात आली की ती दार उघडायला लावी, पाटावर बसे आणि तांब्याने पायरीवर पाणी ओते, बोटाने सांधे चोळे. मी एकदा म्हटले, पाइप आहे की.

"बाहेरनं आलेल्याला पाय धुवायला पाइप देती का गं?"

त्या दिवसांतले प्रवास आठवतात ते एकच प्रवास असल्यासारखे. कुठून निघालो, कधी पोचलो, ते उरलेले नाही. मागे रोपांचे शेंडे वाऱ्याने हलत आहेत. भिवपुरीच्या डोंगरावरून वीजघराचे पाइप उतरत आहेत आणि आमच्याबरोबर चालत आहेत. पळसदरीचे धरण झाडांमागे चमकते आणि लपते. आई सीटवर पाय वर घेऊन बसली आहे. करवंदीची कुंपणे, एरवी तिच्या डोक्याच्या वर जाणारी, आता तिच्या नजरेखालून वाहत आहेत.

"ह्यो माझा शाळंचा रस्ता," ती एकदा म्हणाली.

"तू कधी शाळेत गेलीस?" मी विचारले.

"माझी नाय, तुझी. तुला सोडायला यायचे मी. एवढ्या वरनं कधी दिसला नव्हता." मग थोड्या वेळाने, जणू रस्त्यालाच, "बरा हाय की."

शेवटी तिला दम लागू लागला, तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. भावाने हात पुढे केले. तिने मान हलवली. चपला काढल्या, दांडा धरला, मध्ये थांबून श्वास घेतला आणि चढली. दवाखान्यातून ती त्या केबिनमध्ये परत आली नाही. तिच्या चपला अंगणात होत्या, पिकअप उभी राहते तिथे, दाराकडे तोंड करून.

नंतर भावाने डावे दार उघडायचे सोडले. सामान तो उजवीकडून ठेवायचा. फिटरला फोन केला तर तो म्हणाला, तेवढी एक वायर सोडवा, पायरी यायची नाही. "सोडवू का, ताई?" भाऊ मला विचारायचा. पायरी आली की आई नाही हे दिसायचे. आणि ती येईनाशी झाली असती, तर आई स्वतःच्या पायांनी चढत होती हे दाखवणारे काहीच राहिले नसते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मावशी परत निघाली. स्टेशनवर सोडायचे म्हणून भाऊ पिकअपपाशी गेला, आणि त्याला डावे दार उघडावेच लागले, कारण मावशीचे गुडघेही आईसारखेच आहेत. घरघर झाली. पायरी मावशीच्या पांढऱ्या साडीच्या काठापाशी येऊन थांबली. आली त्या दिवशी रडण्याच्या भरात तिने पायरीकडे बघितलेही नव्हते.

"हीच का गं ती?"

मी मान डोलावली. मावशीने चपला काढल्या. तिला हे कुणी सांगितले होते, की बहिणींचे असेच असते, मी विचारले नाही. ती चढली. मी तिच्या चपला उचलून आत तिच्या पायांशी ठेवल्या आणि दार लावले. पायरी आत गेली.

वायरीचे भाऊ पुन्हा बोलला नाही.

डावी पायरी चालू आहे. संध्याकाळी भाऊ तिच्यावर तांब्याने पाणी ओततो. पळसदरीच्या चहावाल्याच्या माळ्यावर आईच्या चपला आहेत. आम्ही त्या आणलेल्या नाहीत.