ऑनोरीनताईंचं शनिवारचं अंगण

आमच्या मुईला गावात ऑनोरीनताईंना ओळखत नाही असा माणूस दिसला, तर तो काल बसमधून उतरलेला असणार. सदतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात सुईण होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझीही तिन्ही. आज त्यांच्या दारावरून जाताना तीच पोरं पलीकडच्या कडेनं चालतात. म्हणून हे लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ दे, माझी बेकरी बाजारातच आहे.

निवृत्त झाल्यावर ताईंची झोप उडाली. आमच्याकडे डॉक्टरनं हात टेकले की माणूस लाकूड खातो. लाकूड म्हणजे इबोगाच्या मुळाची साल. जीभ बधिर होईल इतकी कडू. ती पोटात गेली की माणूस रात्रभर चटईवर पडून राहतो आणि मेलेल्यांच्या गावाला जाऊन येतो. सकाळी काय पाहिलं ते म्हाताऱ्यांना सांगायचं, म्हातारे त्याचा अर्थ सांगणार, आणि मग जन्मभर तोंड मिटायचं. आमच्या भागात हे काम मगांगाबाबा करतो. ताई त्याच्याकडे गेल्या, लाकूड खाल्लं, आणि त्यांना त्यांच्या हातावर मृत जन्मलेली सगळी बाळं दिसली. नदीकाठी ओळीनं बसलेली, न्हाऊनमाखून. एकही रडत नव्हतं, एकही रागावलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ताईंना झोप लागायला लागली.

आता एवढा आनंद झाल्यावर माणूस गप्प कसा बसेल? ताईंनी चर्चमध्ये कबुलीच्या वेळी फादरना सांगितलं. फादरनी तीन महिने त्यांचा प्रसाद बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या बेकरीत आल्या. पाव घेतला, पैसे दिले, आणि गिऱ्हाईक बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "इसुफू, तूही खाल्लंयस ना लाकूड?"

मी आधी दाराकडे पाहिलं. मी मशिदीच्या कमिटीवर आहे. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं. कळा सुरू झाल्या की बायका सगळं ओकतात. वीस वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं का?"

"मग आता का काढताय?"

"कारण मला कुणाशी तरी बोलायचंय रे. फादरला सैतान दिसतो, मगांगाला नियम दिसतो. मला नुसतं ऐकणारं माणूस पाहिजे. तुला नको?"

मला पाहिजे होतं. वडील गेल्यावर मी खाल्लं होतं आणि जे पाहिलं ते बायकोलाही धड सांगता आलं नव्हतं.

तर असा तो गट सुरू झाला. शुक्रवार माझा, रविवार त्यांचा, म्हणून शनिवारची दुपार ठरली. ताईंच्या स्वयंपाकघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो. ताई कॅथलिक, मी मुसलमान, मगांगाबाबा लाकडाचाच, आणि लेऑन्तीन. ही लेऑन्तीन नव्या प्रार्थना-मंदिरात गाते. तिचा पास्टर दर रविवारी माईकवरून ओरडतो की इबोगा ही सैतानाची मुळी आहे, आणि ही 'आमेन' म्हणून मान डोलावते. शनिवारी मात्र डोक्यावरून फडकं ओढून मागच्या गल्लीनं यायची. "मी उपाशी राहीन, पण हे चुकवणार नाही," म्हणायची. उपाशी कशाला राहतेय? ताई आधी सगळ्यांना जेवायला घालायच्या, ताडफळाच्या रश्शातली कोंबडी आणि उकडलेले कसाव्याचे कंद. जेवण झालं की आपापल्या पद्धतीनं देवाचं नाव घ्यायचं आणि एकेकानं बोलायचं.

ताईंनी नियम दोनच केले. इथलं बोलणं अंगणाबाहेर जाणार नाही. आणि इथे कुणाच्या दर्शनाला कुणी खोटं म्हणायचं नाही, कुणी त्याचा अर्थही सांगायचा नाही.

दुसऱ्या नियमावर मगांगाबाबा उखडला. "ऑनोरीन, तू बाळं जन्माला घातलीस, मी दर्शनं. कच्चं दर्शन माणसाला पचत नाही. ते म्हाताऱ्यानं शिजवून द्यावं लागतं."

"बाबा, फादरही हेच म्हणतात," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनाच माझ्या डोक्यात चमचा घालून ढवळायचंय. इथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. यायचं तर नुसतं ऐकायला या."

आम्ही हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो. बाबा आला, येत राहिला, पण कोपऱ्यात बसून नुसता पाईप ओढायचा.

ते वर्ष चांगलं गेलं, हे मी कुणापुढेही सांगेन. चाराचे बारा झालो. मी वडिलांबद्दल बोललो, साठीला टेकलेला माणूस हमसून रडलो, आणि कुणी मला गप्प केलं नाही. लेऑन्तीननं फडकं काढलं. पुढच्या दारानं यायला लागली.

मग आर्मेल गेला. ताईंच्या धाकट्या बहिणीचा, सोलांजचा, थोरला मुलगा. सोलांज ताईंच्या शेजारीच राहते, दोघींचं अंगण एकच. पोराचं लिव्हर सुजलं होतं. चोवीस वर्षांचा, धडधाकट. दवाखान्यात सतरा दिवस होता. आमच्या दवाखान्यात जेवण घरून न्यावं लागतं, तर सतराच्या सतरा दिवस सूप नेऊन भरवलं ते ऑनोरीनताईंनी. सोलांजला पोराकडे बघवत नव्हतं.

धाकटा गिस्लें भावाच्या मागे वेडापिसा झाला. काम सुटलं, झोप गेली. पुढच्याच महिन्यात त्यानं दूरच्या गावात, कुठल्याशा पोरसवदा पुजाऱ्याकडे जाऊन लाकूड खाल्लं. परत आला तो अगदी मुका. तेव्हा ताईंनीच त्याला हाताला धरून आणलं. "चल रे बाळा शनिवारी. मनात ठेवू नकोस, कुजतं ते. आमच्यात कुणी तुला हसणार नाही."

तो आला. ताटातलं काही खाल्लं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि दुःखामुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं. त्याची पाळी आली तेव्हा तो जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"मला दवाखान्यातली खोली दिसली. आर्मेल खाटेवर होता. शेजारी मावशी बसली होती, वाटी घेऊन. ती एकेक चमचा भरवत होती आणि प्रत्येक चमच्याला तो लहान होत होता. दहा वर्षांचा झाला, मग पाच वर्षांचा, मग तान्हा. शेवटी वाटीत मावला. मग मावशीनं वाटी तोंडाला लावली."

आमच्याकडे 'त्याला कुणी खाल्लं', म्हणजे कुणी करणी करून मारलं, हा प्रश्न प्रत्येक मयताला विचारला जातो, आणि संशय नेहमी आईच्याच घराण्यावर जातो. आईची आई, आईचा भाऊ, आईची बहीण. हे तिथे कुणालाच सांगायची गरज नव्हती.

ताई उठल्या, त्याच्यासमोर जाऊन बसल्या. "गिस्लें, मी त्याला भरवत होते हे तू रोज पाहिलंस बाळा. डोळ्यांपुढे तेच राहिलं तुझ्या. माझ्याकडे बघ."

"इथे दर्शनाला खोटं म्हणत नाहीत, मावशी," तो म्हणाला. "तूच सांगितलंस मला."

ताईंनी आमच्याकडे वळून पाहिलं. लेऑन्तीनकडे पाहिलं, ती ओठ हलवून प्रार्थना पुटपुटत होती. माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेचा पट्टा बघत होतो. मग त्या मगांगाबाबाकडे वळल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "बाबा, तुम्ही तरी बोला. असं दिसतं ना माणसाला? दुःखात दिसतं ना?"

बाबाला माहीत होतं. दिसलेला चेहरा कधीकधी उसना असतो, ज्यानं रडवलं त्याचा नाही तर ज्यानं काळजी घेतली त्याचा असतो, हे त्यानं मला स्वतः वीस वर्षांपूर्वी समजावलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. म्हाताऱ्यानं पाईप झटकला.

"अर्थ सांगायचा नाही असा तुझाच नियम आहे, ऑनोरीन. मी नुसता ऐकायला येतो."

असा सूड उगवायला वर्षभर कोपऱ्यात बसला होता मेला.

पहिला नियम संध्याकाळपर्यंत टिकला नाही. कुणी फोडला माहीत नाही. बारा जणांत मीही होतो आणि मी बायकोला सांगितलं. सोमवारी सोलांजनं दोन अंगणांच्या मध्ये पत्रे ठोकून घेतले. ठोकणाऱ्याला म्हणे ती सारखी सांगत होती, आणखी उंच कर. पुढच्या शनिवारी लेऑन्तीन आली नाही, तिच्या गायनाची तालीम होती. त्यापुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही. पोटुशा बायकांनी ताईंच्या दाराशी येणं बंद केलं. फादर भेटायला गेले, म्हणाले, मी सांगितलं होतं. गिस्लें किनाऱ्याकडे तेल कंपनीत कामाला निघून गेला. ताईंना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, घरावर दगड टाकला नाही. आम्ही सभ्य माणसं आहोत.

मी गेलो त्यांच्याकडे. दीड महिन्यानं गेलो, पण गेलो. माझा विश्वास होता का त्या दर्शनावर? नव्हता. पण छातीवर हात ठेवून नाही म्हणवत नव्हतं, हेही खरं. मंगळवार होता. ताई वाळल्या होत्या. मला बघून इतक्या आनंदल्या की मलाच लाज वाटली. "बस, बस. बरोबर जेवायच्या वेळेला आलास." आत गेल्या, ताट घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवलं. रश्शाची वाफ येत होती. एकट्या बाईनं इतकं रांधलं कुणासाठी होतं, देव जाणे.

माझा हात उठेना. ताटातल्या वाटीकडे बघत बसलो. ताई माझ्या हाताकडे बघत बसल्या.

"आज रोजा आहे माझा, ताई," मी म्हणालो.



"रमजान नाही. तुमचे जास्तीचे रोजे सोमवारी नाहीतर गुरुवारी असतात, इसुफू," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्याच तोंडून ऐकलंय मी, या शेडमध्ये."

मग त्यांनी ताट स्वतःपुढे ओढलं आणि माझ्यादेखत, एकही घास न सोडता, सगळं खाऊन दाखवलं.