बापाच्या घोंगडीवर ओतलेलं पाणी

प्रयोग दाखवणाऱ्या मॅडमनं घोंगडीवर तांब्या तिरका केला. घोंगडीखालच्या काचेच्या ताटात पाणी टपटप गळायला लागलं. भोवतीची शाळेची पोरं ओरडली, "लीक झालं! लीक झालं!" मॅडमनं मागच्या फलकाकडं बोट केलं. त्यावर लिहिलं होतं, 'लोकसमज : घोंगडीतून पाणी आत येत नाही. विज्ञान : चूक.'

घोंगडी माझ्या बापाची होती. माझी माय माझ्या शेजारी उभी होती.

हे आपल्या शहरातलं एक विज्ञान केंद्र. काही महिन्यांपूर्वी तिथले साहेब माझ्या घरी आले होते. म्हणाले, सगळ्या समाजांना हे केंद्र आपलं वाटलं पाहिजे, धनगरांचं काहीतरी ठेवायचंय. मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. सोयगावकडून मेंढरं हाकत आलो, दलालांच्या शिव्या खात धंदा शिकलो, पुंडलिकनगरात घर बांधलं. जनावराच्या तोंडात बोट घालून दात बघितल्याशिवाय मी त्याचं वय कबूल करत नाय. पण साहेबांनी मला 'आपण' म्हटलं, तेवढ्यावर विरघळलो. काही न विचारता घोंगडी देऊन टाकली. बापानं विणलेली ती शेवटची. सूत मायनं कातलेलं.

मायनं पुढं होऊन घोंगडीचा काठ चिमटीत धरला, नाकाशी नेला.

"मावशी, हात नका लावू," मॅडम म्हणाली.

"धुतली व्हय गं ही? साबणानं?"

"मग काय! किती वास मारत होती. दोनदा लॉन्ड्रीत दिली."

"आगं बाय, खळ गेली की सगळी. लोकरीचं तेल बी गेलं. आता पाणी कशाला थांबंल?"

मॅडम पोरांकडं बघून हसली. "बघा, यालाच लोकसमज म्हणतात. मावशी, इथं सायन्स चालतं."

पोरं हसली. आणि मी? बाजारात एका शब्दावरून समोरच्याच्या अंगावर जाणारा मी मायला म्हणालो, "चल माय, गप. लोक बघायलेत."

ती माझ्यामागं आली. बाहेर पायरीवर बसली. म्हणाली, "तुझा बाप जन्मभर खोटं पांघरून फिरला का रं?"

खळ म्हणजे चिंचोके भाजून, भरडून, शिजवलेली चिकट पेज. ती घोंगडीला लावायची, वाळवायची. किती पातळ ठेवायची, किती शिजवायची, हे मायला कुणी शिकवलं नव्हतं. बाप मेंढरांमागून भिजून यायचा, तापानं फणफणायचा, तेव्हा तिला कळायचं, यंदा चुकलं. पुढल्या हंगामाला ती बदल करायची. दरसाल असं. ह्याला प्रयोग नाय म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मी मागं फिरलो. थेट साहेबांच्या खोलीत गेलो.

"गैरसमज झालाय हो," साहेब म्हणाले. "आपण आईंचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. फोटोही लावू."

"शाल नको. फलक उतरवा. माय इथं खळ शिजवंल. न धुतलेली घोंगडी मी आणतो. हीच पोरं बोलवा. पाणी त्याच मॅडमनं ओतायचं."

"तज्ज्ञ समितीपुढं ठेवावं लागेल."

"समितीत मेंढरं राखलेलं कोण हाय?"

"तसं नसतं हो. हवं तर आपली वस्तू आपण परत न्या."

मी पक्का व्यापारी. समोरचा माल परत घ्या म्हणतो, तेव्हा त्याला काय वाचवायचंय ते मला कळतं. घोंगडी घरी नेली असती तर टेबलावर दुसरी आली असती, आणि फलक तसाच राहिला असता.

"ती इथंच राहील," म्हणालो. "मी बी."

तेव्हापासून दर रविवारी तिकीट काढून जातो. काखेत हर्सूलच्या मामाची न धुतलेली घोंगडी. मॅडमचं पाणी ओतून झालं की मी ती पुढं धरतो. "आता हिच्यावर ओता." दोनदा वॉचमननं दंड धरून बाहेर काढलं. एकदा मॅडम खाली बघत राहिली, पण तांब्या काही उचलला नाय.

थकलोय. माय म्हणते, सोड रं आता. साहेब फोन उचलत नाहीत. रविवार माझ्या बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं चाललंय. जाऊ दे. त्या मॅडमनं ह्या न धुतलेल्या घोंगडीवर पाणी ओतावं आणि तो फलक स्वतःच्या हातानं उतरवावा. तोवर माझा रविवारचा बाजार बंद.