कडी घातलेलं फाटक
भिजलेल्या लोकरी स्वेटरचा मेंढ्यांसारखा तेलकट वास आला की मला ते फाटक आठवतं. २०१४च्या जानेवारीत, न्यूझीलंडमध्ये नवे असताना, चुनखडीच्या कड्यातली देवमाशाची जीवाश्मं बघून आम्ही दोघं नवरा-बायको मेंढ्यांच्या एका जुन्या फार्ममधून परतत होतो. बाहेर पडताना फाटक सताड उघडं दिसलं. उघडं दार टाकून जायची आमच्या घरी पद्धत नाही, म्हणून मी कडी घातली. अर्ध्या तासाने नवरा एकदम म्हणाला, “अगं, मेंढ्या आत होत्या आणि पाण्याची टाकी बाहेर!” जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा; ऊन रणरणत होतं, फोनला रेंज नव्हती. परतीच्या कच्च्या रस्त्यावर मला मेलेल्या मेंढ्याच दिसत होत्या. पोचलो, तर अख्खा कळप फाटकाला चिकटून धापा टाकत होता. मी कडी काढली आणि फाटक होतं तसं सताड उघडलं. आजही मुलीच्या खोलीचं दार उघडं दिसलं की माझा हात पुढे होतो आणि तिथेच थांबतो.