भट्टीवरचे फौजदार

कारखान्यात त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्यांना फौजदार म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. पोलिसांशी त्यांचा संबंध उभ्या जन्मात एकदाच आला होता. सायकल चोरीला गेली म्हणून ते चौकीत तक्रार द्यायला गेले आणि तिथल्या हवालदाराचाच संशय येऊन तक्रार न देता परत आले. सायकल घरामागेच सापडली. मग ती तिथे कुणी आणून ठेवली आणि का, याचा तपास त्यांनी बरेच दिवस चालवला.

काम त्यांचं भट्टीवरचं. ओतशाळा लहानच होती. वर पत्र्याचं उंच छप्पर, एका कडेला भंगाराचा ढीग, मधे भट्टी, पलीकडे वाळूचे साचे आणि भिंतीला लागून लेथ. विजेच्या जाड तारा एकमेकींना जोडायला तांब्याचे जोड लागतात, ते इथे ओतले जात. त्यासाठी जुन्या तारा, पट्ट्या, नळ्यांचे तुकडे असलं भंगार यायचं आणि त्यातला एकही तुकडा फौजदारांच्या हाताखालून गेल्याशिवाय भट्टीत पडत नसे. ते तुकडा कानाशी धरून हलवत, नाकाशी नेत, दगडावर आपटून आवाज ऐकत. याला कारणही तसंच होतं. तरुणपणी त्यांच्या जोडीदाराने दोन्ही तोंडं चेपलेली एक नळी तशीच वितळलेल्या तांब्यात टाकली. आत पाणी होतं. त्याची वाफ झाली आणि भट्टीतला रस छपरापर्यंत उडाला. जोडीदाराचा एक डोळा गेला, फौजदारांच्या मानेवर डाग राहिले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. फौजदार तेव्हापासून पाणीही फुंकून प्यायला लागले.

भट्टीवर हा स्वभाव सोन्यासारखा होता. घरी मात्र त्याने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. दाराला कुलूप लावलं की ते परत येऊन ओढून बघत, आणि ते बघताना शेजारी बघत होते का हेही बघत. बायकोने चहात साखर जास्त घातली तर आज हिला काय हवंय असा त्यांना प्रश्न पडे. लेकीने स्वतःच नवरा पसंत केला तेव्हा त्यांनी त्या मुलाची ओळखीपाळखीत सगळीकडे चौकशी केली. कुणी वाईट बोललं नाही. फौजदारांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. ज्याच्याबद्दल कुणीच वाईट बोलत नाही तो माणूस काहीतरी लपवत असलाच पाहिजे, असं त्यांचं शास्त्र होतं. लग्न झालं, जोडपं त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहायला आलं, पण ती पाल काही गप्प बसली नाही.

मग कारखान्यात विजेची भट्टी आली, आणि तिच्याबरोबर जावईही. कारखाना एक बाई चालवत होत्या. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत. जावयाने असली भट्टी आधी एका ठिकाणी चालवली होती, म्हणून त्यांनी त्याला घेतला. आता तो भंगार तापवून आत घालायचा आणि विजेचा ताबा सांभाळायचा, आणि फौजदार वरची मळी काढून रस साच्यात ओतायचे. सासरा-जावई दिवसभर तांबं वितळवायच्या एकाच मुशीकडे बघत उभे, आणि संध्याकाळी एकाच जिन्याने घरी.

फौजदारांना ती भट्टी पहिल्या दिवसापासून पटली नाही. जुनी भट्टी तेलावर चालायची. तिची ज्वाळा दिसायची, घोंघावणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. ही नुसती गुणगुणायची. मुशीभोवती तांब्याचंच वेटोळं, त्या वेटोळ्यातून वीज, आणि वेटोळं गार ठेवायला त्याच्या पोटातून पाणी. वितळलेल्या तांब्यापासून हातभर अंतरावर पाणी वाहतंय हे बघून त्यांच्या मानेवरचे डाग हुळहुळले. भट्टी बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं की वर कोळशाचा थर द्या, झाकण ठेवा, बाकी काही करू नका. बाकी काही करू नका असं जो सांगतो त्याच्यावर फौजदार विश्वास ठेवतील हे शक्यच नव्हतं.

त्यांना त्यांच्या वस्तादाने एक गोष्ट शिकवली होती. तेलाच्या भट्टीत वारा जोरात असतो. वितळलेलं तांबं ती हवा पितं आणि मग ओतलेला तुकडा ठिसूळ होतो. त्यावर उपाय म्हणजे ओल्या, हिरव्या लाकडाची काठी. ती रसात खुपसली की रस खदखदतो, काठीतून निघालेला धूर आणि वाफ तांब्याने प्यायलेली हवा ओढून काढतात आणि तांबं स्वच्छ होतं. फौजदारांनी अशा हजारो काठ्या जाळल्या होत्या. नव्या भट्टीतही ते गुपचूप काठी खुपसू लागले. जावई विजेच्या पेटीकडे वळला की झाकण थोडं सरकवायचं, मागच्या कुंपणातून तोडलेली काठी आत दाबायची आणि तो वळायच्या आत झाकण बंद. सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाले असते, आणि मग माल बिघडला की ओतणाऱ्याचंच नाव पुढे आलं असतं.

माल बिघडायला लागला तो थोड्याच दिवसांत. साच्याच्या तोंडाशी जे तांबं गोठतं त्याला ते लोक माथा म्हणत. माथा सपाट राहिला की माल चांगला. इथे माथा उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगून यायला लागला. लेथवाल्याने तुकडा कापला तर आत बारीक बारीक पोकळ्या. जोड परत यायला लागले. घेणाऱ्यांनी मालकीणबाईंना स्पष्ट कळवलं की असंच चाललं तर दुसरीकडून घेऊ.

माथा फुगला म्हणजे ओल, हे फौजदारांना झोपेतही सांगता आलं असतं. आणि ओल कुठून येणार? भंगारातून. भंगार कोण घालतं? जावई. इतके दिवस चुकचुकणारी पाल आता मोठ्याने बोलायला लागली. ते डोळ्यांत तेल घालून जावयावर नजर ठेवू लागले. तो भंगार किती वेळ तापवतो, तापवताना कुणाशी बोलतो, जेवायला गेला की हात धुऊन पुसतो की तसेच ओले घेऊन येतो. एकदा जावई मुशीजवळ नाक वर करून हुंगत उभा राहिला आणि मग त्याने सासऱ्यांकडे बघितलं. फौजदारांनी काय बघतोस म्हणून विचारलं. काही नाही मामा, म्हणून तो कामाला लागला. चोराच्या मनात चांदणं, असं फौजदार त्या दिवशी बायकोला म्हणाले, आणि ही म्हण आपल्यालाच लागू पडते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी तापवायला ठेवलेल्या ढिगात त्यांना नळीचा एक तुकडा सापडला. त्याच्या दुमडलेल्या तोंडाशी पाण्याचा थेंब होता. तो ढीग अजून पुरता तापला नव्हता, तापला असता तर थेंब उडूनच गेला असता. फौजदार थांबले नाहीत. तुकडा घेऊन ते थेट मालकीणबाईंच्या टेबलाशी गेले आणि जावई ओलं भंगार घालतो, मी डोळ्यांनी पाहिलंय, असं सांगून मोकळे झाले. सख्ख्या जावयाबद्दल सांगायला आलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी जावयाला बोलावलं. तो एवढंच म्हणाला की मी सुकवूनच घालतो. आणखी काही सांगायचंय का असं त्यांनी दोनदा विचारलं. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. त्याचं काम त्याच दिवशी सुटलं.

घरी बायकोने फौजदारांशी बोलणं टाकलं. लेक खाली आली ती एकच विचारायला.

"बाबा, तुम्हाला खात्री आहे?"

खात्री असल्याशिवाय मी बोलत नाही, असं ते म्हणाले. ती वर निघून गेली. मग वरच्या खोलीत बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं. फौजदार जिन्याखाली उभे राहून ऐकायचा प्रयत्न करत होते, पण एक शब्द कळेल तर शपथ.

आता भट्टी एकट्या फौजदारांच्या ताब्यात आली. विजेचा ताबा सांभाळायला लेथवाला मदत करायचा, बाकी सगळं त्यांचं त्यांनी. भंगार त्यांनी इतकं तापवलं की त्याचा रंग उडाला. तरी माथा फुगलाच. दुसऱ्या दिवशीही फुगला. मग संशयाची गाडी गावभर फिरली. संशय भंगारवाल्यावर आला, वाळू चाळणाऱ्यावर आला, वेटोळ्यातल्या पाण्यावर आला. लेथवाला मुद्दाम पोकळ्या पाडतो की काय म्हणून ते त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहिले, तेव्हा त्याने लेथ बंद करून त्यांना स्वतः कापायला सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

कळसा सापडला तो कुंपणामुळे. मालकीणबाईंनी मागचं कुंपण काढून भिंत बांधायला घेतली आणि एका सकाळी फौजदारांना हिरवी काठी मिळेना. रस तर तयार होता. मोठ्या नाराजीने, हा तुकडा आता नक्की ठिसूळ होणार असं पुटपुटत त्यांनी तो तसाच ओतला. माथा सपाट राहिला. लेथवाल्याने कापला तर आत आरशासारखं तांबं.

फौजदार त्या तुकड्याकडे बघत बसले. रस्त्यावरच्या झाडाची फांदी आणून त्यांनी दुपारी काठी खुपसली. माथा फुगला. नंतरचा रस काठीशिवाय ओतला. सपाट. पुन्हा काठी, पुन्हा फुगला. या भट्टीत ज्वाळा नव्हती, वारा नव्हता, वर कोळसा आणि झाकण होतं. तांब्याने हवा प्यायलीच नव्हती तर काठी काढणार काय? तिची वाफ तेवढी तांब्यात शिरत होती. ओल होती ही गोष्ट खरीच होती. ती ते स्वतःच्या हाताने घालत होते. जन्मभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, एक हा माणूस तेवढा तपासायचा राहून गेला होता. त्यांना इतकी लाज वाटली की लेथवाला चहा घेऊन आला तर त्यांना त्याच्याकडे वर बघवेना.

एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल सांगायलाच हवी. गुन्हेगार सापडल्यावर त्याला पाठीशी घालणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते तसेच उठून मालकीणबाईंकडे गेले आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, जावयाला उद्यापासून कामावर बोलवा. तुम्ही भंगार निवडा, पण यापुढे मुशीजवळ यायचं नाही. जिथे आयुष्य गेलं तिथून ते वाक्य त्यांना काढून टाकत होतं. बरोबर आहे, म्हणून ते बाहेर पडले. वाटेत त्यांना वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं, कारण हातात घरी न्यायला चांगली बातमी होती.

वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. पलंगावर घड्या घातलेले कपडे, खाली दोन बॅगा, भिंतीवरचं घड्याळ उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. जावयाला दुसऱ्या शहरातल्या एका ओतशाळेत काम मिळालं होतं आणि ती दोघं सकाळी निघणार होती. हे फौजदारांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. काठीचं, माथ्याचं, मालकीणबाईंचं. चूक माझी होती, असं त्यांनी दोनदा म्हटलं.

जावई कपड्यांच्या घड्या घालायचा थांबला होता. "मला वास यायचा, मामा," तो म्हणाला. "ओल्या लाकडाचा. काय होतंय ते कळत होतं."

"मग तिथे बोलला का नाहीस? बाई दोनदा विचारत होत्या."

जावयाने बायकोकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं.

"मी त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, काठीचं बोलू नकोस म्हणून. बोलला असता तर तुम्ही म्हणाला असतात, स्वतःचं खापर सासऱ्यावर फोडतोय. म्हणाला असतात की नाही?"

फौजदारांना नाही म्हणायचं होतं.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.

मग फौजदारांनी बॅगांकडे हात केला आणि हे सगळं आता परत लावा, काम परत मिळालंय, असं काहीसं ते बोलले. लेक पलंगाच्या कडेला बसली. आम्ही तरीही जाणार आहोत, असं तिने शांतपणे सांगितलं. इथलं काम परत मिळालं हे बरंच झालं, त्याच्यावरचा डाग गेला. पण रोज सकाळी उठून कुणाच्या तरी नजरेखाली उभं राहायचं, घरी येऊन जेवतानाही त्याच नजरेखाली जेवायचं, हे आता नको. सुट्टीत येऊ. तुम्ही आणि आईही या.

फौजदार ऐकत होते. जावई खाली मान घालून उभा होता, आणि लेकीच्या तोंडून येणारे शब्द तिचे की त्याने शिकवलेले, हा प्रश्न फौजदारांच्या अगदी जिभेवर आला. तो त्यांनी गिळला. जन्मात पहिल्यांदाच गिळला असेल, आणि त्यासाठी त्यांना फार कष्ट पडले.

लेक त्यांच्याकडेच बघत होती.

"माझंच म्हणणं आहे, बाबा," ती म्हणाली.