विहिरीवर मोटर नाही

कॉलेजची मंडळी विहीर बघायला आली, तेव्हा कांतानं ताजं पाणी काढून तांब्या पुढं केला. सेक्रेटरी प्रभाकरराव म्हणाले, "नको नको, आत्ताच चहा झाला." वैशाखातलं ऊन, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि म्हणे चहा झाला! सोबतच्या दोघांनीही मुंड्या हलवल्या. आता सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही? विहीर फुकटात घ्यायला आले होते, आणि त्याच विहिरीचं पाणी चालत नव्हतं.

विहिरीचा मालक श्रावण, कांताचा नवरा, खाटेवरून हे बघत होता. अल्लीपूरच्या महारवाड्यातला तो पहिला मॅट्रिक. बी.ए. ह्याच कॉलेजातून झाला. बाकावर बसू दिलं, पुस्तकंही दिली, नाही कशाला म्हणा! पण हॉस्टेलच्या माठाला हात लावायचा नाही. शिपाई वरून पाणी ओतील, ह्यानं ओंजळ धरायची. शिपाई जेवायला गेला की हा कोरड्या घशानं वर्गात. एकदा भर परीक्षेत त्याला भोवळ आली, तरी कोणी उठून पाणी दिलं नाही. हे शिकलेले लोक!

असा माणूस पुन्हा त्या कॉलेजचं नाव तरी काढील? पण श्रावणचा स्वभावच उफराटा. वर्ध्याच्या कचेरीत नोकरी लागल्यावर त्यानं कॉलेजच्या कुंपणाला लागूनच जमिनीचा तुकडा घेतला आणि घराआधी विहीर खणली. पाणी लागलं तेही गोड, भर उन्हाळ्यात न आटणारं. कॉलेजची विहीर मात्र फाल्गुनातच तळ दाखवायची. छप्पन साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला. पुढच्याच वर्षी छातीचं दुखणं जडलं. सेवाग्रामच्या डॉक्टरनं खोटा धीर दिला नाही. मूलबाळ नव्हतं. तेव्हा तो कांताला म्हणाला, "मृत्युपत्रात विहीर कॉलेजले लिहून देतो, पानी आत्तापासूनच नेऊ दे त्यायले. माह्यासारखं कोनतं पोट्टं आता तिथं तहानलेलं नाई राह्यलं पाह्यजे."

"ज्यायनं तुमाले पानी नाई पाजलं, त्यायले?" कांता कडाडली.

"जमाना बदलला वं. आता कायदा हाय."

कायदा होता, खरं आहे. पण प्रभाकररावांचा घसा त्याला जुमानत नव्हता.

सेक्रेटरी विहिरीत डोकावले आणि खूश झाले. "श्रावणराव, फार मोठं दान! लगेच मोटर बसवू. वर टाकी, टाकीतून हॉस्टेलला नळ. हा दोर, ही बादली, काही नको. विहिरीवर पत्रा टाकून देऊ." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि नावाचा दगड वगैरे नको. नळातून आलेलं पाणी कोणाचं, हे कोण विचारतं? उगाच कोणाच्या मनात किंतू यायला नको. तुम्ही समजदार आहात."

समजदार! वरून पाणी ओतताना शिपाईही हेच म्हणायचा. श्रावणच्या अंगाचा तिळपापड झाला. तो खाटेवरून उठला.

"विहीर पाह्यजे नं? भेटन. पन मोटर नाई, टाकी नाई, नळ नाई. येकच दोर, येकच बादली. ज्याले तहान लागन त्यानं इथं यावं, सर्वायदेखत काढावं अन् प्यावं. मृत्युपत्रात हेच लिहीन. ज्या दिवशी मोटर बसन, त्या दिवशी विहीर अल्लीपूरच्या माह्या पुतन्याची."

"अहो, एवढं पाणी हातानं कोण ओढणार?"

"मी चार वर्सं ओंजय धरून उभा होतो. तुमच्या पोट्ट्यायले दोर ओढता येत नाई?"

श्रावणनं बादली विहिरीत सोडली. कांता "राहू द्या नं" म्हणत धावली, पण त्यानं तिलाही हात लावू दिला नाही. दम लागला, खोकल्याची उबळ आली, तरी बादली वर आणलीच. तांब्या भरून त्यानं सेक्रेटरींसमोर धरला.

प्रभाकररावांनी नकळत ओंजळ पुढं केली.

"ओंजय कायले? तांब्या हातात घ्या," श्रावण म्हणाला. "अन् नसन प्याचं, तर आत्ताच सांगा."

सेक्रेटरींनी सोबतच्यांकडं बघितलं. ते दोघे आंब्याच्या झाडाकडं बघत होते. कॉलेजची विहीर कोरडी, सुट्टी संपली की हॉस्टेल भरणार. शेवटी त्यांनी तांब्या घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा, आणि मग घसा थांबेचना. पाणी सदऱ्यावर सांडलं. तांब्या रिकामा झाला, तसा न राहवून त्यांनी तो पुन्हा पुढं केला.

कांतानं तांब्या घेतला, पण भरला नाही.

"काऊन जी," ती म्हणाली, "आत्ताच चाहा झालता नं?"