वजीर सांभाळा, अण्णा

जाधव सरांची आणि माझी ओळख त्यांनी मला दिलेल्या ताकिदीपासून सुरू होते. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, या विचारात माझे चार दिवस गेले. शेवटी सरांनाच विचारले. ते म्हणाले, "खरं तेच लिही. चाली मात्र तपासून घे."

तपासल्या. छत्रपती संभाजीनगरातली जिल्हा निवड स्पर्धा, शेवटची फेरी. मी तेरा वर्षांची. जिंकले तर राज्य स्पर्धेसाठी निवड. सर मुख्य पंच होते. माझ्याकडे काळी मोहरी होती आणि मी सिसिलियन बचावातला ड्रॅगन हा प्रकार खेळत होते. त्यात दोघेही एकमेकांच्या राजावर धावून जातात. एका चालीचा उशीर झाला की संपले. बाविसाव्या चालीला मी घोडा हलवला आणि मागच्या उंटाची तिरपी रेषा थेट समोरच्या मुलाच्या वजिरावर उघडली. त्याच्या ते ध्यानात आले नव्हते. हात हत्तीकडे निघालाही होता. तेवढ्यात माझ्या तोंडून गेले, "वजीर!"

आमच्या खुलताबादच्या घरात तशी रीतच होती. मला खेळ शिकवला तो अण्णांनी, माझ्या वडिलांनी. वजिरावर चालून गेलात की तोंडाने सांगायचे. न सांगता मारणे त्यांना चोरीसारखे वाटे.

मुलाने वजीर वाचवला. सरांनी जवळ येऊन हळू आवाजात ताकीद दिली, की प्रतिस्पर्ध्याशी बोलायचे नाही. घरी अण्णांनी असेच शिकवलेय, असे मी पुटपुटले. सहा चालींनी मी हरले.

"माझ्यामुळं झालं," अण्णा एवढेच म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी पट माळ्यावर टाकला. निवड हुकण्यापेक्षा मला तेच जास्त लागले.

पुढच्या रविवारी सर पत्ता शोधत आमच्या दारात उभे.

"अण्णा, पोरीला माझ्याकडं शिकायला पाठवा. पण आधी तुमच्यासंगं एक डाव."

"कशाला सर? आमचं लई गावठी."

"असू द्या. काढा पट."

डाव रंगला. सरांनी घोडा पुढे ठेवला आणि ते मोठ्याने म्हणाले, "वजीर सांभाळा, अण्णा!"

"व्हय की! दिसलंच नव्हतं," म्हणत अण्णा हसले. त्या आठवड्यातले पहिले हसू.

सर माझ्याकडे वळले. "घरी हा नियम, स्पर्धेत तो. दोन्ही पाळायचे."

सरांकडे शिकून पुढच्या वर्षी त्याच बचावाने माझी निवड झाली. सगळा डाव मी तोंडाला रुमाल लावून खेळले. सरांच्या वर्गात आजही हरलेल्या मुलाचा डाव आधी मांडून समजावला जातो, आणि दर महिन्याला एक रविवार सर अण्णांसमोर बसतात.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्यांच्यावर कधी काही चालून आलेच, तर त्याने आमच्या घरच्या रीतीने, आधी मोठ्याने सांगून यावे.